पेपर कोणता घेऊ, सर?

नमस्कार श्रोतेहो.

बी.एस्सी.चा निकाल लागला, की माझ्या घरचा फोन सुरू होतो. एम.एस्सी. फिजिक्सला प्रवेश घ्यायचा असतो, आणि धरमपेठेपासून उमरेडपर्यंत कुणाचं तरी पोरगं विचारतं, "सर, इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक पेपर, कोणता घेऊ? स्कोरिंग कोणता जाते?" आईही शेजारी उभी राहून ऐकत असते. मागे कुकरची शिट्टी होते, त्यावरून कळतं.

स्कोरिंग या शब्दाचा मला राग येत नाही. बाप शेतीवर नागपुरातल्या खोलीचं भाडं भरतो, तर पोरानं मार्कांचा विचार करायचा नाही का? पण स्कोरिंग पेपर म्हणजे काय, तर मागच्या बॅचला पेपर काढणारा दयाळू भेटला होता. तुम्हालाही तोच भेटेल असं थोडंच आहे!

माझं म्हणणं वेगळं आहे. मोठी निवड दुसऱ्या वर्षी करायची असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात ती पहिल्या सेमिस्टरला, मॅथेमॅटिकल फिजिक्सच्या तासाला होऊन जाते, आणि आपण त्या वेळी मागच्या बाकावर बसून मोबाइल बघत असतो.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. नसेल तर कल्पना करा. दोन भिंती आहेत, मध्ये दोन सारख्या छोट्या गाड्या. पहिली भिंत आणि पहिली गाडी यांच्यात एक स्प्रिंग, दोन गाड्यांच्या मध्ये एक, दुसरी गाडी आणि दुसरी भिंत यांच्यात एक. तिन्ही स्प्रिंगा सारख्याच. न्यूटनचा नियम लावला, की दोन बाय दोनचा मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, मिळतो. वरच्या ओळीत 2 आणि उणे 1, खालच्या ओळीत उणे 1 आणि 2. त्याच्या आयगेन व्हॅल्यू काढा, म्हणजे त्या तक्त्यात दडलेले खास आकडे; त्यांच्या वर्गमुळावर कंपनाचा वेग ठरतो. 1 आणि 3 येतात. 1 म्हणजे दोन्ही गाड्या बरोबरीनं एकाच दिशेला डोलतात, मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. 3 म्हणजे दोघी एकमेकींच्या उलट पळतात, मधल्या स्प्रिंगला दोन्हीकडून ओढ बसते, म्हणून कंपन जलद होतं, पहिल्याच्या सुमारे 1.73 पट.

हे झालं क्लासिकल मेकॅनिक्स. आता गाड्यांच्या जागी हायड्रोजनची दोन अणुकेंद्रं ठेवा आणि त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन. पुन्हा दोन बाय दोनचाच मॅट्रिक्स येतो आणि दोन ऊर्जापातळ्या मिळतात. एक केंद्रांना बांधून ठेवणारी, दुसरी दूर लोटणारी. हे क्वांटम. दोन गाड्यांऐवजी असंख्य गाड्यांची रांग लावली, तर स्फटिकातली कंपनं, म्हणजे फोनॉन. हे कंडेन्स्ड मॅटर, म्हणजे घन-द्रव पदार्थांचं फिजिक्स. त्या फोनॉनमध्ये किती उष्णता मावते ते मोजायला गेलात, तर डेबायनं 1912 साली मांडलेलं गणित हाती येतं, आणि तुम्ही स्टॅट मेकच्या, म्हणजे स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या, वर्गात बसलेले असता. पेपर चार, वह्या चार, शिकवणारे चार, आणि मॅट्रिक्स त्याच घराण्यातला.

म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारतो, हा मॅट्रिक्स तुला न बघता सोडवता येतो का? येत नसेल तर लाज नको, पण फॉर्म भरण्याआधी पंधरा दिवस फक्त लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचं गणित, कर. कठीण म्हणून कंडेन्स्ड मॅटर टाळून न्यूक्लिअर घेतलं, तरी हे देणं चुकत नाही. तिथेही अणुकेंद्राच्या शेल मॉडेलमध्ये तेच क्वांटम आडवं येतं. नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यासक्रम काढून बघा. मॅथेमॅटिकल मेथड्स, क्लासिकल, ईएमटी (इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी), क्वांटम, स्टॅट मेक, इलेक्ट्रॉनिक्स हा त्याचा गाभा आहे.

काही पेपर मुलांना मिळमिळीत वाटतात. स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे प्रकाशाच्या वर्णपटावरून पदार्थ ओळखणं, त्यातलाच. आपल्या गांधीसागरासमोर रमण विज्ञान केंद्र आहे, शाळेच्या सहलीत सगळे जाऊन आलेत. पण खुद्द रमण 1910 साली नागपुरात सरकारी वित्तखात्यात अधिकारी होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. पुढे कलकत्त्याला 28 फेब्रुवारी 1928 रोजी त्यांना प्रकाश विखुरताना त्याचा रंग किंचित बदलण्याचा जो परिणाम सापडला, त्यावर चालणारी यंत्रं आज औषधांची शुद्धता आणि रत्नांचा खरेपणा तपासतात. आणि गंमत बघा. कार्बन डायऑक्साइडचे दोन ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर पळतात, आपल्या उलट पळणाऱ्या गाड्यांसारखे, तेव्हा ते कंपन रमण वर्णपटात दिसतं, इन्फ्रारेडमध्ये दिसत नाही. का, ते ग्रुप थिअरी, म्हणजे सममितीचं गणित, सांगते. म्हणजे आलो आपण पुन्हा मॅथेमॅटिकल फिजिक्सच्या तासाला.

दुसरा प्रकार उलटा. नावावर भाळून पेपर घेणं. हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. ते ऐकून एका मुलीनं मला कळवलं की ती फक्त जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, घेणार. जरूर घे म्हटलं. पण बाई, तिथे 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील, आणि त्यांच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक मोजायचा आहे. त्याला लेसर लागतो, प्रचंड निर्वात नळ्या लागतात, इलेक्ट्रॉनिक्स लागतं, आणि येणारी माहिती चाळायला प्रोग्रामिंग येणारी माणसं लागतात. ऑप्टिक्सचा आणि कॉम्प्युटेशनल फिजिक्सचा पेपर तुझ्या यादीत आहे की नाही, ते आधी बघ. पायथॉन तर आता लॉगटेबलसारखं झालंय, कुणी काही म्हणो.

नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगचेही क्रेडिट आहेत. ते ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणून भागवू नका, एवढंच सांगतो.

आता माझी स्वतःची फजिती. मी शिकलो तिथलं नाव सांगत नाही. एक्स-रे क्रिस्टलोग्राफीचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना शोधण्याचा, पेपर घेतला, कारण माहितीपत्रकात यंत्राचा फोटो होता. यंत्र खरोखर होतं. त्याची ट्यूब जळलेली होती, आणि नव्या ट्यूबचा प्रस्ताव कुणाच्या तरी टेबलावर वर्षभर पडून होता. आम्ही जुन्या बॅचच्या फिल्मा उजेडात धरून पट्टीनं रेषांमधलं अंतर मोजत बसलो. त्या रेषांमागचा ब्रॅगचा नियम तोंडपाठ झाला. पुढे एका मुलाखतीत विचारलं, नमुना यंत्रात कसा बसवता? मी खाली बघत बसलो.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन या. प्रॅक्टिकल चालू असतात त्या वेळेला जा. विभागप्रमुखांना भेटाच, पण त्याआधी प्रयोगशाळेच्या परिचराला टपरीवर चहा पाजा. कोणतं यंत्र चालू आहे, कोणाच्या बॅचला मुलं स्वतः यंत्र चालवतात आणि कोणाच्या बॅचला नुसती बघत उभी राहतात, हे त्याला माहीत असतं. आमच्या ट्यूबचंही आमच्या परिचराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

नमस्कार.