कॉम्प्युटरमधला आवाज आतल्या आत धरायचा

राम राम मंडळी! आज जरा कॉम्प्युटरचं बोलू, पण सुरुवात मावशीपासून करतो.

माझी मावशी सुरतला उधन्यात राहते, आपल्या खानदेशातली कितीतरी घरं पोटापाण्यासाठी तिकडेच गेलीत ना. मागच्या श्रावणात कानबाई, म्हणजे आपली खानदेशी देवी, बसायच्या आधी ती व्हिडिओ कॉलवर मला अहिराणी गाणी म्हणून दाखवत होती, आणि मी काय केलं, तर मोबाईल स्पीकरसमोर धरला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. रात्री लावून ऐकतो तर पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, खाली ट्रक रिव्हर्स घेतोय त्याची टीटी, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी मावशी. फार वाईट वाटलं हो.

अहो, आवाज कॉम्प्युटरच्या आत आधीच स्वच्छ असतो, तो स्पीकरमधून बाहेर सोडायचा आणि माईकने परत गोळा करायचा म्हणजे हंड्यातलं पाणी अंगणात ओतून वाटीने पुन्हा भरायचं. आतून थेट घेता येतो की!

विंडोजवर असाल तर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, २००० सालापासून आहे. त्यात ऑडिओ होस्टच्या जागी विंडोज वासापी (Windows WASAPI) निवडा आणि रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये तुमच्या स्पीकरच्या नावापुढे लूपबॅक (loopback, म्हणजे वाजणारा आवाजच आतून परत घेणं) लिहिलेलं असेल ते घ्या, बस. हेडफोन लावला असेल तर हेडफोनचं लूपबॅक, इथे बरेच जण फसतात, आवाज जिथून वाजतोय तेच निवडायचं. काही कॉम्प्युटरमध्ये स्टिरिओ मिक्स नावाचा पर्यायही असतो, पण तो बऱ्याचदा बंद करून ठेवलेला असतो, साउंड सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो आणि बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये तो नसतोच. लिनक्सवाल्यांनी मॉनिटर नावाचा सोर्स निवडायचा. मॅकवर ब्लॅकहोल नावाचा ऑडिओ ड्रायव्हर टाकून घ्या.

आता एक गोष्ट नीट ऐका. लूपबॅकमध्ये फक्त समोरच्याचा आवाज येतो, तुमचा नाही, कारण तुमचा आवाज तुमच्या स्पीकरमधून वाजतच नाही. मला तर तेच पाहिजे होतं, मध्ये मध्ये माझं हं हं नको. पण व्हॉट्सअॅपच्या मेसेजची टिंग मात्र येते, म्हणून नोटिफिकेशन आधी बंद करा. आणि रेकॉर्डिंगची पातळी दाखवणारी पट्टी शेवटपर्यंत टेकू देऊ नका, आवाज एकदा फाटला की नंतर शिवता येत नाही.

सेव्ह करताना वेव्ह फाइल ठेवा, सीडीच्या दर्जाची घेतली तर मिनिटाला साधारण १० एमबी जागा खाते, खाऊ द्या. घरच्यांना पाठवायला १२८ केबीपीएसची एमपी३ करा, ती मिनिटाला १ एमबीच्या आसपास होते. आणि समोरच्याला आधी विचारून घ्या बरं का, मावशी असली तरी.

मी विचारलं, मग पुन्हा कॉल लावला. तिने पाच गाणी म्हटली, मध्ये श्वास घेतलेला, बांगड्या वाजलेल्या, सगळं आलं. लगेच पाठवलं तर आधी गप्पच बसली आणि मग म्हणते, "हाऊ मना आवाज शे?" म्हटलं हो मावशी, तुझाच. परत एकदा पूर्ण ऐकलं तिने, आणि म्हणाली तिसऱ्या गाण्यात एक कडवं राहिलं रे, उद्या परत लाव.