उतरलो ती राज्यं : लॉगबुकातून भिंतीवर

(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

आपल्या मंडळात खासगी वैमानिकाचा परवाना असलेले काही जण आहेत आणि डिसेंबरात पुण्याला जाणारे तर पुष्कळच. दोन्ही यादीत ज्यांचं नाव आहे त्यांच्यासाठी एक काम: स्वतः विमान चालवत अमेरिकेतल्या ज्या राज्यांत गेलो त्यांचा चोख हिशेब करायचा आणि त्याचा सुट्या तुकड्यांचा, भिंतीवरचा नकाशा पुण्यातून लेसरनं कापून आणायचा. राज्य झालं की तुकडा बसवायचा, असा.

राज्य ‘झालं’ कधी म्हणायचं, हे आधी ठरवा. वरून गेलं तरी झालं म्हणणारे असतात. मग दोन तासांत चार राज्यं होतात आणि नकाशाला काही अर्थच उरत नाही. सोपा नियम असा: कमांडवर (म्हणजे विमानाचे जबाबदार वैमानिक) आपण, पूर्ण थांबून उतरलो, धावपट्टी सोडली. टच-अँड-गो (चाकं टेकवून न थांबता पुन्हा उडणं) मोजायचं की नाही ही आवड, पण ते बहुतेकदा उड्डाणांच्या वहीत, म्हणजे लॉगबुकात, वेगळ्या ओळीला येत नाही, म्हणून नंतर सापडत नाही. प्रशिक्षकाबरोबर शिकताना झालेलं राज्य वेगळ्या रंगात. नकाशाच्या कोपऱ्यात पुणेरी पाटीच लावा: ‘वरून गेलेली राज्ये मोजली जाणार नाहीत.’

आता वही. एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाच्या) नियमानुसार नोंदीत निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण लागतं. राज्य लागत नाही. शिवाय परवाना मिळाल्यावर प्रत्येक उड्डाण नोंदवणं सक्तीचंही नाही. प्रशिक्षण आणि चालू पात्रता दाखवण्यापुरती नोंद पुरते, त्यामुळे वह्यांमध्ये भोकं असतात. वाटेत इंधनाला थांबलो तो विमानतळ कधी मार्गाच्या रकान्यात असतो, कधी शेऱ्यात. राज्यं हरवतात ती इथंच. म्हणून वही पहिल्या पानापासून वाचा आणि प्रत्येक उतरण्याला तक्त्यात स्वतंत्र ओळ द्या: तारीख, विमानतळाचा कोड, राज्य, कमांडवर की शिकताना, विमानाचा क्रमांक.

राज्य आठवणीनं भरू नका. सिनसिनाटीचा मोठा विमानतळ ओहायोत नाही, केंटकीत आहे. वॉशिंग्टनचा रेगन नॅशनल व्हर्जिनियात येतो. खुद्द डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियात विमान उतरवायला चालू धावपट्टीच नाही, तेव्हा त्याचा तुकडा कापूच नका. ‘अवरएअरपोर्ट्स’ या संकेतस्थळाची विमानतळांची यादी फुकट उतरवता येते आणि तिच्यात प्रत्येक विमानतळापुढे राज्याचा कोड असतो. एफएएची स्वतःची यादी दर २८ दिवसांनी ताजी होते. पण शिकागोचं मीग्ज फील्ड २००३ साली बंद झालं, तसले विमानतळ जुन्या वहीत असतील तर ते ताज्या यादीत मिळणार नाहीत. ‘अवरएअरपोर्ट्स’मध्ये बंद म्हणून खूण केलेले सापडतात.

एक्सेलची एक खोड इथं नडते. मिशिगनमध्ये कॅकलबेरी नावाचा छोटा विमानतळ आहे, कोड दोन-ई-आठ (2E8). एक्सेल त्याला संख्या समजतं, दोनावर आठ शून्यं, आणि आपला कॅकलबेरी वीस कोटी होऊन बसतो. कोडवरून यादीतलं राज्य काढणाऱ्या शोधसूत्राला तो मग कुठेच सापडत नाही. कोड चिकटवण्याआधी त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. चिकटवल्यावर करून उपयोग नाही.

एडीएस-बीचा (विमान आपली जागा सतत प्रसारित करतं त्या यंत्राचा) माग साक्षीला घ्यावा, पुरावा म्हणून नाही. २०२० च्या सुरुवातीपासून बऱ्याच हवाई क्षेत्रांत ते यंत्र सक्तीचं झालं, पण छोट्या विमानतळावर उतरताना जमिनीजवळ माग तुटतो. आणि भाड्याच्या विमानाचा माग विमानाचा असतो, तुमचा नव्हे.

हिशेब जुळला की नकाशा. सीमारेषा अमेरिकेच्या सेन्सस ब्यूरोकडून फुकट मिळतात. ‘कार्टोग्राफिक बाउंडरी’ फायली घ्या, १:५० लाख प्रमाणाच्या. टायगर नावाच्या फायली घेतल्या तर मिशिगन अर्धं तळ्यात पसरलेलं दिसेल, कारण त्यांत पाण्यावरची हद्दही धरलेली असते. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) आल्बर्सचं, प्रमाण अक्षांश २९.५ आणि ४५.५. गूगलच्या नकाशावरून गिरवलात तर उत्तरेकडची राज्यं फुगतात.

९० सेंटिमीटर रुंदी धरली तर १ सेंटिमीटरला साधारण ५० किलोमीटर येतात. टेक्सास ऐसपैस २४ सेंटिमीटर. ऱ्होड आयलंड नखाएवढं. डेलावेअरचा निमुळता भाग ३ मिलिमीटर. खरी गंमत मेरीलँडची: हॅनकॉक गावापाशी ते राज्य ३ किलोमीटरही रुंद नाही, म्हणजे नकाशावर अर्धा मिलिमीटर. लेसरखाली तो तुकडा मोडणारच. तिथं चित्रात हातानं ३ मिलिमीटर रुंदी करा, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाची जरा जागा घेऊन. तक्रार कोणी करणार नाही. मिशिगनचे दोन तुकडे येतात. हवाईची बेटं एकाच पट्टीवर कोरून घ्या, आणि अलास्का त्याच प्रमाणात मावत नाही म्हणून कोपऱ्यात लहान करून.

पुण्यात पेठांमधल्या नेमप्लेट आणि ट्रॉफीच्या दुकानांतून लेसर कटिंग होतं. गुरुवार टाळा, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद असू शकते. माल ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड). स्वस्त प्लायच्या आत पोकळ्या असतात आणि कड अर्धी कापते, अर्धी जळते. सनबोर्ड कोणी सुचवला तर नको म्हणा: तो पीव्हीसी, लेसरनं जाळला की आम्लाचा वायू सुटतो. लेसरची रेघ स्वतः ०.१५ ते ०.२ मिमी माल खाते; तरी चित्रात एकूण ०.४ मिमी मोकळीक ठेवा. पुण्याच्या कोरड्या डिसेंबरात कापलेला तुकडा ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये फुगतो आणि शेजाऱ्याला ढकलतो. पॉलिश दोन्ही बाजूंना सारखं, नाहीतर तुकडा पापडासारखा वाकतो.

नावं देवनागरीत हवी असतील तर युनिकोडचा मजकूर तसाच पाठवू नका. दुकानातल्या जुन्या कोरलड्रॉ या चित्रांच्या प्रोग्राममध्ये जोडाक्षरं सुटतात. आपल्याकडेच इंकस्केप या तसल्याच प्रोग्राममध्ये अक्षरांचे वक्र करा आणि मग सगळे एकत्र जोडा. ही जोडणी विसरली तर प्रत्येक अक्षराची शिरोरेखा पुढच्यावर चढलेली असते आणि लेसर त्या प्रत्येक टोकाभोवती फिरतो. ‘कनेटिकट’ची शिरोरेखा तुकड्यातुकड्यांची दिसते. चित्रात १०० मिमीचा एक चौकोन टाका आणि कापण्याआधी दुकानात पट्टीनं मोजा. मिलिमीटर आणि इंचाची गफलत, इंकस्केपच्या आवृत्त्यांमधला फरक, सगळं त्या एका चौकोनात पकडलं जातं.

तुकडे ज्यावर बसवायचे तो पाट ४ मिमी एमडीएफचा, त्यावर अर्धा मिमी लोखंडी पत्रा (बोहरी आळीत मिळेल) आणि पत्र्यावर सीमांचा छापील व्हिनाइल. छापणाऱ्यालाही तोच चौकोन मोजायला लावा. तुकड्यांच्या पाठीला चुंबकाचा चिकट कागद, कात्रीनं कापून. सुटी चुंबकं लावली तर तुकडे वरखाली बसतात. पाट ४५ बाय ६० चे दोन भाग करून आणा: चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून मर्यादा साधारण १५८ सेंटिमीटर असते आणि अखंड पाट त्यात बसवणं अवघड. मधली फट टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस यांचे तुकडे झाकतात. म्हणजे ती राज्यं आधी उरका.

आणि नवं राज्य झालं की तो तुकडा कॉकपिटमध्ये डॅशबोर्डवर ठेवून फोटो काढायचा मोह होईल. पाठीला चुंबक आहे आणि समोर होकायंत्र. फोटो पंखाखाली उभं राहून काढा.