आयर्लंडच्या राजांची भाऊबंदकी

पत्रिकेत विषय छापला आहे तो असा : ‘गेलिक राजेपण – रक्त की निवड?’ गेलिक म्हणजे आयर्लंडची जुनी भाषा आणि ती बोलणारी माणसं. छपाईची चूक नाही, मीच दिला होता. पण परिचयात माझ्या पदव्या आणि नोकरीतल्या सगळ्या बदल्या सांगण्यात व्याख्यानाची बारा मिनिटं गेली, तेव्हा कशाला तरी कात्री लागणार. घोडीची गोष्ट मात्र सांगणारच. कुठली घोडी, ते शेवटी.

माझी मुलगी डब्लिनला असते. तिच्याकडे गेले असताना आम्ही एका दुकानात शिरलो. तिथे आडनावांची अख्खी भिंत होती. मर्फी, केली, ओब्रायन. प्रत्येकाची ढाल, ढालीवर सिंह नाहीतर हरीण नाहीतर नुसताच पंजा. कपावर मिळते, किल्लीच्या साखळीला मिळते, पोरांच्या झबल्यावर मिळते. मी सहज विचारलं, “आमच्या आडनावाची आहे का हो?” त्या मुलानं आडनाव दोनदा लिहून घेतलं, संगणकात बराच वेळ डोकं घातलं आणि म्हणाला, “यादीत नाही. पण करून देऊ.”

करून देऊ! तीन वर्षं झाली, ते दोन शब्द काही माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक तर मुळात अशी ढाल आडनावाची नसतेच. ती एका माणसाला दिलेली असते आणि त्याच्या वारसांकडे जाते. नुसतं नाव मर्फी आहे म्हणून मर्फीची ढाल लावणं म्हणजे आडनाव भोसले म्हणून साताऱ्याच्या वाड्याची किल्ली मागण्यासारखं. पण भिंत जोरात चालते.

आमच्या सांगलीकडे सुगी संपली की हेळवी यायचे, नंदीवर बसून. वही उघडायची आणि पिढ्या वाचायच्या. एका वर्षी वडिलांनी ज्वारी देताना हात आखडता घेतला, तर वाचन आजोबांपाशीच थांबलं. पुढची पाच नावं पुढच्या सुगीला! पण एक सांगते, पायलीभर जास्त दिली म्हणून हेळव्यानं आम्हांला कधी नवा पणजोबा करून दिला नाही.

आयर्लंडमध्ये एकाला सबंध गादीच करून मिळाली, आणि तीही सरकारी शिक्क्यानिशी. टेरेन्स मॅकार्थी त्याचं नाव.

मॅकार्थी घराणं खोटं नाही, हे आधी सांगते. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतातले हे राजे. कॅशेलच्या खडकावर त्यांच्या कॉर्मॅकनं बांधलेलं देऊळ आजही उभं आहे, ११३४ सालचं. देऊळ म्हणजे चर्च, पण बघाल तर देऊळच म्हणाल. कॉर्कजवळचा ब्लार्नीचा किल्लाही यांचाच. तिथे वर चढून, उताणं लोंबकळून एका दगडाचा मुका घ्यायचा, म्हणजे वाणीला धार येते. (परिचय करून देणारे जाऊन आलेले दिसतात.) घराण्याच्या मुख्य पुरुषाला म्हणायचं ‘मॅकार्थी मोर’. गेलिकमध्ये मोर म्हणजे थोरला, पिसाऱ्याचा इथे संबंध नाही. असं मी दरवेळी सांगते, आणि मग या टेरेन्सची गोष्ट सांगताना पिसारा येतोच.

शेवटच्या खऱ्या मोरांपैकी डोनल. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनं त्याला १५६५ साली अर्ल, म्हणजे इंग्रजी सरदार केलं, १५९६ साली तो गेला, आणि मागे औरस मुलगा नव्हता. पुढे भांडणं, तुरुंग, परागंदा होणं, आणि गादी विरून गेली. १९४४ साली डब्लिनच्या वंशावळ कार्यालयाला वाटलं की जुन्या गेलिक घराण्यांच्या वारसांना मान द्यावा. राज्यघटनेनं तर सरदारकीच्या पदव्या द्यायला सरकारला बंदी केलेली. म्हणून शब्द काढला ‘सौजन्य-मान्यता’. जमीन नाही, तनखा नाही, हक्क नाही. सरकारी यादीत नाव तेवढं. आपण १९७१ मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती करून संस्थानिकांची मान्यताच पुसली. ते मात्र प्रजासत्ताकात बसून राजांची हजेरी मांडत होते. मला यात काही वाईट दिसत नाही. हौस म्हणून ठीकच होतं.

टेरेन्स जन्मला बेलफास्टमध्ये, १९५७ साली, साध्या कुटुंबात. अभ्यासू, बोलका, कागदपत्रांचा नाद. १९९२ साली त्याला मान्यता मिळाली : हाच मॅकार्थी मोर. आता बघा, ढालवाल्या मुलाचं गिऱ्हाईक निदान कप घेऊन घरी गेलं असतं. याचं म्हणणं, मी नुसता वारस नाही. माझ्या घराण्याचं सार्वभौमत्व कधी संपलंच नाही. राज्य नसेल, पण मानपान वाटण्याचा अधिकार माझ्या रक्तात आहे. मोरोक्कोत टॅन्जिअरला बिऱ्हाड केलं आणि तिथून हा वाटप सुरू. सोनसाखळीच्या वीरांचा एक संप्रदाय होता, प्राचीन म्हणून सांगितलेला, त्याचं सभासदत्व. त्याला पैसे पडायचे. अमेरिकेतले आयरिश वंशाचे शिकलेसवरलेले लोक रांगेनं आले.

त्यांना हसू नका. ज्याचा पणजोबा १८४५ नंतरच्या दुष्काळात बोटीत बसून गेला, गाव सुटलं, भाषा गेली, त्याला कोणी म्हणालं, तू राजाच्या पंगतीतला आहेस, तर तो पैसे मोजणारच. आपल्याकडे जुन्या घरात कुठूनशी आलेली एखादी तलवार असतेच की. कुणाला दिली विचारा. कुणीतरी कुणालातरी दिलेली असते.

शॉन मर्फी नावाच्या वंशावळ-अभ्यासकानं मग जन्म-लग्नाच्या नोंदी काढल्या. त्या नोंदींनी जी माणसं दाखवली त्यांत राजा कुठे नव्हता. जून १९९९ मध्ये ‘संडे टाइम्स’नं छापलं, कार्यालयानं मान्यता रद्द केली, ऑक्टोबरमध्ये महाराजांनी गादी सोडली. जी नव्हतीच, ती. पुढे सरकारी वकिलांचा सल्ला आला की या मान्यतेला कायद्याचा आधारच नाही, आणि २००३ मध्ये सगळी यादीच बंद झाली. त्यात जे खरे होते, तेही गेले. एका सोंगामुळे पंगतच उठली!

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं.’ बरं.

तर विषय. माझं म्हणणं असं की टेरेन्सचा कागद खोटा होता हे लहान. मोठं हे की त्या कार्यालयाची मोजपट्टीच परकी होती. त्यांनी नियम काय लावला? शेवटच्या गादीवर बसलेल्या राजाच्या थोरल्या मुलाचा थोरला मुलगा, त्याचा थोरला. हा इंग्रजांचा नियम. जुन्या गेलिक कायद्यात पणजोबा एक असलेली सगळी भाऊबंद मंडळी उमेदवार. त्यांतून लायक तो निवडायचा. राजा जिवंत असतानाच पुढचा नेमून ठेवायचा, त्याला म्हणत टानिश्त. मग टेकडीवर, ठरलेल्या दगडावर त्याला उभं करायचं, हातात पांढरी काठी द्यायची. उत्तरेकडच्या ओनील घराण्याचं दगडी आसन तुलाहोगला होतं. १६०२ साली इंग्रज सेनापती माउंटजॉयनं ते फोडलं. माणूस मारला तर दुसरा निवडतील, हे त्याला बरोबर कळलं होतं.

त्याच्या आधी आठव्या हेन्रीनं सनदेचा डाव टाकला होता. जमीन माझ्या पायाशी ठेवा, मी सनद करून परत देतो. अट एकच, पुढे गादी कागदात लिहिलेल्या वारसाला. १५४२ मध्ये कॉन ओनील अर्ल झाला, वारस लिहिला मॅथ्यू, जो लोहाराच्या घरी वाढलेला. भाऊबंदांनी निवडला शेन, कॉनचा दुसरा मुलगा. मॅथ्यू मारला गेला. वतनाच्या कज्ज्यांची गावं आपली, तेव्हा जास्त सांगत नाही. १६०८ मध्ये इंग्रजी न्यायालयानं निवडीची ही रीतच बेकायदा ठरवली. आणि स्वतंत्र आयर्लंडनं १९४४ मध्ये आपले राजे मोजायला नेमका तोच निकाल पाळला!

ओकॉनर डॉन यांचं घराणं अस्सल, साऱ्या आयर्लंडचा शेवटचा महाराजा रॉरी ओकॉनर यांच्यातलाच. अभिषेकाचा दगड अजून त्यांच्या क्लोनालिसच्या घरासमोर आहे. पण त्यांच्यातला एक १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकात आयर्लंडचा झेंडा धरून चालला. दगड घरी, झेंडा लंडनला.

जनुकांचं विचारतील म्हणून : २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना दर बारा आयरिश पुरुषांत एकाकडे एकच खूण सापडली, आणि ती नायल या दंतकथांतल्या जुन्या राजाची म्हणून गाजली. नंतर कळलं, खूण नायलहून फार जुनी. पुन्हा ‘करून देऊ’च.

मग गेलिक गादी आज आहे कुठे? शब्दांत बघा. आयर्लंडच्या पंतप्रधानाला म्हणतात टीशॉख, म्हणजे टोळीचा प्रमुख. उपपंतप्रधानाला टॉनिश्ता, म्हणजे तोच आपला टानिश्त. दोघंही निवडून येतात. जुन्या कायद्याला एवढा जवळचा वारस दुसरा नाही. आणि २०१७ ते २०२४ या काळात दोन्ही पदांवर आळीपाळीनं बसले लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पणजोबाच्या अटीत ते नापास झाले असते, हे मान्य. पण निवड झाली होती ना!

अध्यक्ष उभे राहिले. घोडी राहिली. बाराव्या शतकात जेराल्ड नावाचा वेल्सचा एक पाद्री लिहून गेला आहे की उत्तरेकडच्या एका कुळात नवा राजा करताना पांढरी घोडी मारून उकळतात, राजा त्या रश्श्यात बसून न्हातो आणि भोवतीची मंडळी त्याच्यासह मांस खातात. अभ्यासक त्यावरून अश्वमेधाची आठवण काढतात. जेराल्ड जिंकणाऱ्यांच्या पक्षातला, तेव्हा किती विश्वास ठेवायचा ते बघा. उकळण्याआधी राजा त्या घोडीशी काय करतो, तेही त्यानं लिहिलं आहे. पण पुढच्या रांगेत माझा नातू बसला आहे, तेव्हा ते चहाच्या वेळी.