टेकडीवरचं सांता मोनिका

हे भिंतीला टेकलेले कमानीचे अवाढव्य आधार बघा. ओल्ड गोव्यातली सगळी गर्दी खाली बासिलिकेपाशी, म्हणजे बॉम जेझसच्या मोठ्या चर्चपाशी उतरते, फोटो काढते आणि निघते, इथे मोंते सांतो टेकडीच्या चढावर फारसं कोण येत नाही आणि आलंच तर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा बघून मागे फिरतं. खरी चीज ही, सांता मोनिका. पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखात नन्ससाठी बांधलेला पहिला कॉन्व्हेंट. आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या काळात 1606 ला काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला 1627 उजाडलं.

आता चर्चचं दार बघा. एरवी ते आल्तारच्या, म्हणजे वेदीच्या बरोब्बर समोर असतं ना, इथे बाजूच्या भिंतीत आहे, कारण आल्तारसमोरचं ते टोक नन्सचं. एकदा व्रत घेतलं की बाहेर पडायचं नाही, मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थनासुद्धा जाळीच्या आडून ऐकायची, म्हणजे लोकांना त्या दिसणार नाहीत आणि त्यांना लोक. मग बाहेरच्यांना आत घ्यायला ही एक बाजूच उरली.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मजले तीन, मधे मोकळा चौक आणि भोवती व्हरांडे. 1636 ला आग लागली, बरंच जळलं, पण लगेच परत बांधायला घेतलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्रुसावरच्या येशूने डोळे उघडले, जखमांतून रक्त आलं असं सांगतात, ते कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, हे इथेच लागून, अजून लोक प्रार्थनेला येतात. (बिबिंका, गोव्याचा तो थराथरांचा गोड पदार्थ, इथल्याच एका ननने पहिल्यांदा केली अशीपण गोष्ट आहे, पण ती काय कॅमेऱ्यात येत नाही.)

1835 ला पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले, पाद्र्यांना घालवलं, नन्सना राहू दिलं पण नवीन घ्यायला बंदी, शेवटची नन 1885 ला वारली.

आणि हे म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट, 1994 ला दक्षिण गोव्यातल्या राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेलं, 2002 ला इथे हलवलेलं. हस्तिदंती मूर्ती, लाकडी संत, जरीची वस्त्रं, त्यातलं कितीतरी इथल्याच कारागिरांच्या हातचं, चेहरे जवळून बघा, कळतं. हा चांदीचा पेलिकन पक्षी तर सोडूच नका, आपल्या छातीतलं रक्त पिल्लांना पाजणारा, बासिलिकेच्या लायनीत एवढा वेळ उभे राहताच ना, मग याच्यासाठी हा चढ चढायला काय जातं.