चार-तीनमधून तीन-चारमध्ये: पॅकर्सनी २००९ साली नेमकं काय बदललं

मंडळी, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या एखाद्या संघाने बचावाची रचना बदलतोय असं जाहीर केलं की लगेच आकड्यांचा वाद सुरू होतो: ४-३ की ३-४. पहिला आकडा पुढच्या फळीतल्या लाइनमनांचा, दुसरा त्यांच्या मागच्या लाइनबॅकरांचा. बेरीज दोन्हीकडे सातच. त्यामुळे वाटतं, एक माणूस पुढून मागे घेतला, झालं. प्रत्यक्षात कामं बदलतात, आणि प्रत्येक कामाला लागणारं शरीर वेगळं असतं. ते शरीर संघात असेल तर ठीक, नाहीतर विकत घ्यावं लागतं.

ग्रीन बे पॅकर्सचं उदाहरण घेऊ. २००८ साली त्यांचे ६ विजय आणि १० पराभव. प्रतिस्पर्धी दर सामन्यात नुसते धावून सरासरी १३१.६ यार्ड काढत होते. जानेवारी २००९ मध्ये मुख्य प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी बचावाची सूत्रं डॉम केपर्स यांच्याकडे दिली. केपर्स म्हणजे ३-४ आणि झोन ब्लिट्झ (अनपेक्षित खेळाडू क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, सोडायचे आणि बाकीच्यांनी मैदानाचे ठरलेले भाग, म्हणजे झोन, सांभाळायचे), हे सगळ्या लीगला ठाऊक होतं.

आता गॅप, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीतल्या फटी, समजून घ्या. या फळीत मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर आणि गार्ड यांच्यामधली फट ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. ४-३ मध्ये सहसा एका लाइनमनकडे एकच फट असते. चेंडू हलला की त्यात घुसायचं. जुन्या पठडीच्या ३-४ मध्ये बचावाचा मधला लाइनमन, नोज टॅकल, सेंटरच्या नाकासमोर उभा राहतो आणि दोन्ही ए गॅप त्याचे. त्याने घुसायचं नाही. सेंटरच्या छातीवर हात रोवायचे, कोपरं ताठ ठेवायची, चेंडू कुठे जातोय ते बघायचं आणि मग त्या बाजूला सुटायचं. एंड, म्हणजे कडेचा लाइनमन, तोही समोरच्या टॅकलशी हेच करतो. म्हणून नोज साधारण १५० किलोचा आणि एंड १३५ किलोच्या आसपासचा, लांब हातांचा हवा.

बिघडतं ते इथेच. घुसायची सवय लागलेला लाइनमन पहिलं पाऊल पुढे टाकतो आणि त्याच्या शेजारची फट मोकळी पडते. नोज एकाच ब्लॉकरने (समोरून अडवणाऱ्याने) अडला तर गार्ड रिकामा होतो आणि थेट आतल्या लाइनबॅकरवर चालून जातो. पडद्यावर लाइनबॅकर चुकल्यासारखा दिसतो; चूक त्याच्या दोन यार्ड पुढे झालेली असते.

पॅकर्सकडे रायन पिकेट नोजसाठी तयार होता. जॉनी जॉली आणि कलन जेन्किन्स एंडवर बसवले. लाइनबॅकर ए. जे. हॉक बाहेरून आत आला. भगदाड होतं बाहेरच्या लाइनबॅकरच्या जागेवर, आणि ३-४ मध्ये क्वार्टरबॅकवर दबाव मुख्यतः तिथूनच येतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू घेण्याच्या वार्षिक निवडीत, नवव्या क्रमांकावर लाइनमन बी. जे. राजी घेतला. मग जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांनी ४१, ७३ आणि ८३ या क्रमांकांच्या निवडी न्यू इंग्लंड संघाला दिल्या आणि २६ व १६२ मिळवल्या. खाली सरकून निवडी जमवणारा हा माणूस, पण या वेळी वर सरकला. २६व्या क्रमांकावर आला बाहेरचा लाइनबॅकर क्ले मॅथ्यूज. पहिल्याच वर्षी त्याचे १० सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) झाले.

खरी किंमत मोजली एरन कॅम्पमनने. ४-३ मधला हा अस्सल एंड, वजन १२० किलो. २००६ मध्ये १५.५ सॅक, पुढच्या वर्षी १२. हात जमिनीवर टेकवायचा, टॅकलवर तुटून पडायचं, एवढंच काम आणि त्यात तो पटाईत. नव्या रचनेत त्याला उभं केलं. उभ्याने आधी वाचावं लागतं: टॅकल पुढे रेटतोय की मागे सरकतोय, टाइट एंड (टॅकलशेजारचा, पासही झेलणारा खेळाडू) सुटला का, आपण धावून जायचं की मागे हटून फ्लॅट (कडेचा जवळचा भाग) झाकायचा. या वाचनात अर्धा सेकंद गेला की समोरच्या टॅकलचे पाय स्थिर झालेले असतात आणि नुसत्या ताकदीने काही होत नाही. शिवाय काही डावांत त्याला मागे पाठवलं की तेवढा एक दबाव आपणच कमी केला. नऊ सामन्यांत ३.५ सॅक, मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. २०१० मध्ये तो जॅक्सनव्हिलला गेला, पुन्हा एंड म्हणून.

कॉर्नरबॅकचा, म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरला राखणाऱ्यांचा, बदल मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. आधी ते रिसीव्हरला चिकटून, क्वार्टरबॅककडे पाठ करून धावत. झोनमध्ये तोंड चेंडूकडे. चार्ल्स वुडसनसारख्या हुशार माणसाला हे मानवलं: ९ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडणं) आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा किताब.

धावून मिळणारे यार्ड ८३.३ वर आले, लीगमध्ये सर्वात कमी. पण डिसेंबरमध्ये पिट्सबर्गच्या क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गरने पास फेकून ५०३ यार्ड काढले आणि प्लेऑफमध्ये ॲरिझोनाच्या कर्ट वॉर्नरने ३३ पैकी २९ पास पूर्ण केले, ५ टचडाउन. कॉर्नर अल हॅरिस जायबंदी झाल्यावर तिसरा-चौथा कॉर्नर कच्चा पडला, आणि दबाव जवळजवळ एकट्या मॅथ्यूजच्या बाजूने. क्वार्टरबॅकला वेळ मिळाला की झोन फाटतोच. २०१० मध्ये राजी नोजवर आणि पिकेट एंडवर गेला, कॉर्नरला ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला सॅम शील्ड्स मिळाला, आणि त्या हंगामाचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, पॅकर्सनी ३१-२५ असा जिंकला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आज बहुतेक डावांत पाच डिफेन्सिव्ह बॅक (कॉर्नरसारखे मागचे बचावपटू) मैदानात असतात. पॅकर्स त्या काळी अशा डावांत दोन लाइनमन आणि चार लाइनबॅकर ठेवत. म्हणजे पास अडवायच्या डावात नुसता जाडजूड नोज बाकावर बसतो. त्याच्यावर पहिल्या फेरीची निवड उधळणं माझ्या मते चूक. राजी त्या किमतीचा ठरला, कारण तो सेंटरला मागे ढकलून क्वार्टरबॅकपर्यंतही पोहोचायचा.

२०२४ मध्ये बचावाचे प्रशिक्षक म्हणून जेफ हॅफ्ली आले आणि पॅकर्स परत ४-३ वर गेले. या वेळी अडचण उलटी. उभ्याने खेळणाऱ्या प्रेस्टन स्मिथला हात जमिनीवर टेकवावा लागला. नोव्हेंबरमध्ये सातव्या फेरीच्या एका निवडीवर त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं. तिथे ३-४ चालतं.