‘शोधून पाहावे’

श्रोतेहो, नमस्कार.

साल साधारण १२५०. आजच्या फ्रान्समधल्या मेत्स शहरात झाँ द मायी नावाचा डॉमिनिकन संन्यासी इतिवृत्त लिहितोय. सन १०९९ च्या सुमारास एक पोप, किंबहुना ‘पोपीण’, होऊन गेली, असं तो लिहितो. पुरुषवेशात राहिलेली ही हुशार बाई एकदा घोड्यावर चढताना बाळंत झाली. लोकांनी तिला घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटवलं, दगडांनी ठेचलं. ती मेली तिथं म्हणे लेख होता: ‘पेत्रे, पातेर पात्रुम, पापिस्से प्रोदितो पार्तुम’. म्हणजे, पीटरा, बापांच्या बापा, पोपिणीचं बाळंतपण उघड कर! सहा शब्द आणि सहाही ‘प’चे. इतका नटवा अनुप्रास दिसला की मला तरी शंका येते.

शंका झाँलाही होती. नोंदीच्या सुरुवातीलाच त्यानं लिहून ठेवलंय, ‘शोधून पाहावे’.

तेव्हा शोधलं कुणीच नाही. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत मार्टिन ऑफ ओपावाच्या इतिवृत्तात तीच बाई नावागावासकट अवतरली. नाव जॉन, जन्म माइन्झचा, शिक्षण अथेन्सला. गादीवर दोन वर्षं, सात महिने, चार दिवस! प्रसूती कोलोसियम आणि सेंट क्लेमेंटचं चर्च यांच्यामधल्या बोळात. काळ मात्र अडीचशे वर्षं मागे सरकला, थेट ८५५ वर. मार्टिनच्या ग्रंथाच्या आधीच्या प्रतींत यातलं काही नाही.

पण लोकांना पटलं. इटलीतल्या सिएनाच्या कॅथेड्रलमध्ये पोपांच्या अर्धपुतळ्यांच्या रांगेत तीही होती. १६०० च्या सुमारास तिच्या पुतळ्याचा झकारियास नावाचा पोप करून टाकला.

आता एक चांदीचं नाणं बघा. एका बाजूला पोप बेनेडिक्ट तिसरा, दुसरीकडे सम्राट लोथार. म्हणजे लोथार जिवंत असतानाच बेनेडिक्ट पोप होता. लोथार वारला २९ सप्टेंबर ८५५ ला. आधीचे पोप, चौथे लिओ, गेले १७ जुलैला. मधे जेमतेम अडीच महिने. त्यात जॉनबाईंची अडीच वर्षं कोंबायची कुठं?

झाँची सूचना कसून मनावर घेतली दाविद ब्लाँदेलनं, १६४७ साली. कथा खोटी ठरवणारा हा गृहस्थ पाद्री होता, पण प्रॉटेस्टंट. म्हणजे पोपला न मानणारा. पोपला टोमणे मारायला आयती सापडलेली गोष्ट आपल्याच माणसानं हातची घालवली, म्हणून त्याचेच पंथबंधू त्याच्यावर चिडले.