मेंदूचा राखीव रक्तप्रवाह

मेंदूच्या वाहिन्या गरजेला आणखी किती उघडू शकतात, हे अॅसिटाझोलामाइड या औषधाने तपासतात. आधी ते काय करतं ते पाहू. बर्फात ठेवलेली तीन चंचुपात्रं. तिन्हींत किंचित अल्कधर्मी द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा आम्लात पिवळा होणारा दर्शक, म्हणून आत्ता रंग निळा. पहिल्यात कार्बन डायऑक्साइड मुरवलेलं थंडगार पाणी ओतलं. रंग हलत नाही. वायू पाण्यात आहे, पण त्याचं आम्ल व्हायला वेळ लागतो. दुसऱ्यात ही क्रिया वेगवान करणाऱ्या कार्बोनिक अॅनहायड्रेज या एन्झाइमचे थेंब आहेत. ओतता ओतता पिवळं झालं. तिसऱ्यातही तेवढंच एन्झाइम, पण सोबत अॅसिटाझोलामाइड. पाहा, निळा रंग पुन्हा रेंगाळला.

या एन्झाइमच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो. सगळं काम त्याच्याभोवती चालतं, सेकंदाला दहा लाखांपर्यंत रेणू. अॅसिटाझोलामाइड नेमकं त्या जस्तालाच चिकटतं. १९३३ साली केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रफ्टन यांना हे एन्झाइम सापडलं ते रक्तात, आणि ते तिथेच हवं. मेंदूच्या केशवाहिनीतून तांबडी पेशी जेमतेम सेकंदभरात पुढे सरकते. तेवढ्यात पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलून त्याचं बायकार्बोनेट करायचं असतं. एन्झाइम अडलं की वायू ऊतीत साठतो, वाहिन्यांभोवतीचा सामू उतरतो आणि धमनिका सैलावतात. प्रवाह वाढतो, मेंदूचा ऑक्सिजनचा खप मात्र तेवढाच राहतो. औषधाचा वाहिनीच्या भिंतीवर थेट परिणामही असतो, पण मुख्य भर या साठलेल्या वायूवर.

आता कुपी. ५०० मिलिग्रॅमची पांढरी पूड, तिच्यात किमान ५ मिलिलिटर निर्जंतुक पाणी. प्रौढांना अशा दोन कुप्या, म्हणजे १ ग्रॅम, शिरेतून सावकाश. द्रावण अल्कधर्मी असल्याने शिरेबाहेर झिरपलं तर ऊतींना इजा करतं.

सुई आधीच टोचून ठेवतात. दुखलं की माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब उतरतो आणि तो उतरल्याच्या प्रत्येक मिलिमीटर पाऱ्यामागे मेंदूचा रक्तप्रवाह ३ ते ४ टक्क्यांनी घटतो. मग औषधाआधी मोजलेला पहिला आकडाच खोटा पडतो. म्हणून काही मिनिटं शांत पडून राहायचं. कानशिलावर ध्वनिलहरींनी मेंदूतल्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारा २ मेगाहर्ट्झचा डॉप्लर प्रोब, खोली सुमारे ५० मिलिमीटर, डोक्याला घट्ट पट्टा. प्रोबचा कोन जरा सरकला, तरी वेग बदललेला दिसतो.

औषध दिल्यावर १० ते २० मिनिटांनी पुन्हा मोजणी. उदाहरणार्थ, निरोगी बाजूला ५० सेंटिमीटर प्रति सेकंदाचे ७० झाले, तर वाढ ४० टक्के. ज्या बाजूची मानेतली धमनी अरुंद आहे, तिथे ५० चे ५२. कारण तिथल्या वाहिन्या आधीच ताणून उघडलेल्या आहेत, आणखी उघडायला जागाच नाही. कधी कधी तर प्रवाह घटतो, शेजारच्या सैलावलेल्या वाहिन्या रक्त ओढून नेतात. अँजिओग्राफीत अरुंद जागा दिसते. तिच्यापलीकडे राखीव किती उरलं, हे या दोन आकड्यांवरून कळतं. राखीव संपलेल्या रुग्णांत पक्षाघाताचा धोका जास्त.

सल्फाची अॅलर्जी, यकृत किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्यास ही चाचणी टाळतात. इतरांना काही काळ ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात.